खांदा दुखतोय का ओ?

मंगळवारी सकाळी मिरजेत पित्ताशय काढलं आणि बुधवारी संध्याकाळी मी जयसिंगपूरला घरी. पोटावर चार पट्ट्या, हातात फाइल आणि ह्यांच्या खिशात प्लॅस्टिकच्या डबीत माझे अकरा खडे. ह्यांनी ती डबी टीव्हीशेजारी मांडून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "ते काय तिथं ठेवायचं? वर देवाचा फोटो आहे."

गुरुवारी पहाटे खांदा दुखायला लागला. पोट नव्हे, उजवा खांदा. श्वास आत घेतला की आतून कोणीतरी सुरी फिरवल्यासारखं. माझे वडील छातीत कळ येऊन गेलेत, त्यामुळं मनात काय आलं असेल ते सांगायला नको. सासूबाई बाम घेऊन आल्या. मी म्हटलं, काही नाही, उशी बदलली ना, आखडला असेल.

पावणेअकराला फोन वाजला.

"ताई, वॉर्डातनं सिस्टर बोलतेय. खांदा दुखतोय का ओ उजवा?"

मी अजून हॅलोसुद्धा धड म्हटलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं. त्यांनी आधी विचारलं, छातीवर दाब आहे का, घाम येतोय का, दम लागतोय का. तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तो गॅस आहे. दोन-तीन दिवसांत जातोय. पडून राहू नका, घरातल्या घरात फिरा."

डॉक्टरांनी पुढं ड्रेसिंगच्या वेळी नीट समजावलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं छाती आणि पोटाच्या मधला पडदा चिडतो. त्या पडद्याची नस निघते मानेतून आणि खांद्याच्या नसाही तिथूनच. म्हणजे दुखणं पडद्याचं, कळ खांद्यात. हे डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत लिहिलं असतं तर माझी ती पहाट वाचली असती. कागदावर होतं, "हलका आहार घ्यावा."

तर सिस्टरांचे पुढचे प्रश्न. थंडी वाजून ताप? उलटी? पोट फुगलंय? वारा सरला का? हॉलमध्ये सासरे पेपर वाचत बसलेले. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि हळू आवाजात म्हटलं, सरला. मग लघवीचा रंग कसा आहे, गडद चहासारखा नाही ना? संडास पांढरट, मातीच्या रंगाची नाही ना? डोळे आरशात बघा, पिवळे दिसतात का? यामागं कारण आहे. पित्ताच्या नळीत एखादा खडा राहिला किंवा नळीलाच इजा झाली, तर पित्त आतड्यात उतरत नाही. ते रक्तात चढतं. मग डोळे आणि लघवी पिवळी होते आणि संडासचा रंग जातो.

मी पतसंस्थेत आहे. थकबाकीदारांना फोन करायचं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडं. त्यामुळं फोनवर कसं विचारलं की काय उत्तर येतं हे मला चांगलं माहीत आहे. "काय साहेब, सगळं ठीक ना? हप्त्याचं बघा जरा," म्हटलं की पलीकडून "हो हो, भरतो की." झालं. "मंगळवारी दुधाचं बिल निघालं ना, त्यातले दोन हजार उद्या आणताय का?" असं विचारलं की माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग खरं बोलतो. तब्येतीचं तेच. कशी आहेस विचारलं तर आपल्या बायका मरतानासुद्धा बरी आहे म्हणतील. लघवीचा रंग विचारल्यावर बरी आहे म्हणता येत नाही.

माझ्या मावशीचं हेच ऑपरेशन १९८८ साली झालं होतं, बरगडीखाली वीतभर चिरून. दहा दिवस ती वॉर्डात, सिस्टर दिवसातनं तीनदा खाटेशी. दुर्बिणीनं पित्ताशय काढणं आपल्याकडं त्यानंतर आलं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ते भारतात पहिल्यांदा केलं. आता दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि चांगलंच आहे ते. पण मावशीचे ते उरलेले दिवस गेले कुठं? ते आमच्या घरी आले. सासूबाईंच्या बामाजवळ. त्या दिवसांत विचारणारं कोणी असेल तर ते फोनवरच.

शनिवारी रात्री आठला परत हॉस्पिटलचा नंबर आला. मी धावत (म्हणजे पोट धरून) गेले. रेकॉर्ड केलेला बाईंचा गोड आवाज. आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या, बटण दाबा. नेमकं त्याच संध्याकाळी माझी बेंबीवरची पट्टी ओली लागत होती. मी चार दाबलं. बेंबीसाठी त्यात आकडाच नव्हता.

रविवारी सकाळी सिस्टरांच्या नंबरवर मीच व्हॉट्सअॅप केलं. लगेच उत्तर, "फोटो पाठवा. उजेडात उभ्या राहून." मग गॅलरीत मी पदर बाजूला धरून उभी आणि हे मोबाइल घेऊन गुडघ्यावर बसलेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी पाहिलं असेल तर काय समजले असतील देव जाणे. फोटो गेला, दोन निळ्या रेघा आल्या, आणि फोन. "वास येतोय का? भोवती लाल, गरम आहे? बुधवारची वाट बघू नका. उद्या सकाळीच या."

सोमवारी डॉक्टरांनी दाबून थोडा पू काढला. खडे बेंबीच्याच छेदातून बाहेर काढले होते, तिथं असं कधीकधी होतं म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बुधवारपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं मला माहीत नाही, फार काही नसतंही झालं.

तिथं टेबलावर सिस्टरांची वही पाहिली. आमच्या वसुलीच्या रजिस्टरसारखीच लांबट, लाल पेनानं रकाने आखलेले. नाव, ऑपरेशन, ताप, उलटी, लघवी, टाके, शेरा. माझ्या ओळीत गुरुवारचा शेरा होता: "खांदा. घाबरल्यात. उद्या परत." शुक्रवारी त्यांनी फोन केला होता खरा, मला वाटलं सगळ्यांनाच करतात.

एका गोष्टीत मात्र मला फोन आला नाही. काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला तपासायला पाठवतात. कॅन्सर वगैरे नाही ना, हे त्यात कळतं. रिपोर्टबद्दल कोणी काही बोलेना. दहाव्या दिवशी मीच विचारलं, तर तो चार दिवस काउंटरवर पडून. जुनी सूज, बाकी काही नाही. नॉर्मल असला की कळवत नाहीत म्हणे. ते चार दिवस मी कसे काढले ते त्या काउंटरवाल्याला सांगितलं, त्यानं पावती पुढं केली. सिस्टरांच्या वहीत त्याचा रकाना नाही. मी त्यांना म्हटलंय, आखा एक.

शेवटचा फोन महिन्यानं आला. टाके, जेवण, वजन. पित्त आता साठत नाही, लिव्हरमधून थेट थेंब थेंब उतरतं, म्हणून तेलकट एकदम खाल्लं की काहींना पळावं लागतं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. "कट-बिट खाल्ला नाही ना ओ ताई?"

आदल्याच दिवशी रविवार होता. दोन वाट्या.

मी म्हटलं, छे, छे.