पणजीचं माहेर, केडगाव

दौंड शटलनं यवत सोडलं की डब्यात गुळाचा वास शिरतो. फेब्रुवारीत या पट्ट्यात गुऱ्हाळं जोरात असतात. उसाचे फड, चिमण्यांचा पांढरा धूर, मधेच खुटबाव, आणि पुढचं स्टेशन केडगाव. मांडीवर कापडात गुंडाळलेलं जाडजूड बायबल घेऊन मी खिडकीशी बसले होते. ते बॅगेत ठेवायला मन होईना.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "बेटावर का मिशनला?" केडगावात उतरणाऱ्या परक्या माणसाचे बहुधा हेच दोन पत्ते. बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तस्थान, मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती, निराधार बायका-मुलींचं घर. "मिशनला," मी म्हटलं, आणि कुणी विचारलं नसताना पुढे सांगून टाकलं, "माझ्या पणजीचं माहेर आहे ते." त्यानं वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उतरताना सुटे पैसे घेतलेच नाहीत.

पणजी इथे आली ती १९०० साली. गुजरातेत त्या दुष्काळाला छपनियो म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. तिचं वय तेव्हा चार असावं. असावं एवढंच, कारण ते सांगायला बरोबर कुणी नव्हतं. गाव कोणतं, आईबाप कोण, भावंडं होती का, यातलं काहीच तिच्याबरोबर आलं नाही. आजी सांगायची, म्हातारपणी तापात पणजी "बा, बा" म्हणायची. आम्हाला वाटायचं, वडिलांना हाक मारतेय. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी शेजारच्या गुजराती काकूंनी सांगितलं, गुजरातीत बा म्हणजे आई. एवढा एक शब्द तिनं सत्तर वर्षं जपला होता.

रमाबाईंची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. पण केडगावच्या आवारात पाऊल टाकताना मला कलकत्त्याच्या सभेत 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली विदुषी आठवली नाही. आठवली ती सोळा वर्षांची मुलगी. १८७४ च्या सुमाराला तीर्थयात्रा करत हिंडणारं हे डोंगरे कुटुंब दुष्काळात सापडलं. वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, मग बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास झाडपाला खाऊन तगले आणि पायी देश तुडवत राहिले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाई उठून तिकडे गेल्या, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. रस्त्याच्या कडेला बसलेल्या प्रत्येक पोरीत त्यांना कोण दिसलं असेल, ते कळतं.

तिथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता, शहरात नवी माणसं ठेवता येत नव्हती. केडगावला शारदा सदनच्या, म्हणजे बाईंनी विधवांसाठी काढलेल्या शाळेच्या, खर्चाला हातभार म्हणून घेतलेली शंभर एकरांच्या आसपास जमीन होती. मुली तिथे गेल्या. आधी आडोसे, मग विहिरी, मग इमारती. १९०० च्या दुष्काळात माझ्या पणजीसारख्या शेकडो आणखी आल्या, आणि त्या माळावर हजाराहून कितीतरी जास्त बायका-मुलींचं गाव उभं राहिलं. तेलघाणा, माग, गोठा, शाळा, शेती, छापखाना. सगळं चालवणाऱ्या बायकाच.

रविवार होता. मुक्तीचं चर्च खूप मोठं आहे, आत आवाज घुमतो. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मीही चप्पल काढून त्यांच्यात बसले. पेटी, ढोलकी, झांजा. चाल ऐकून कुणाला वाटावं गावच्या देवळात भजन चाललंय. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना अशीच असते आणि मला ती फार प्रिय आहे. पाळकांनी उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातून वाचलं. देव अब्राहामाला घर सोडून निघायला सांगतो आणि म्हणतो, "तू कल्याणमूलक हो." लहानपणी या शब्दाशी मी अडखळायचे. आजीनं सोपं करून सांगितलं होतं, "मूळ म्हणजे रोपाचं मूळ. तुला आशीर्वाद मिळाला ना, मग तुझ्यापासून दुसऱ्याचं भलं उगवलं पाहिजे. घरात कडीकुलपात ठेवायची वस्तू नाही ती." संदेश वीसेक मिनिटं चालला. मी मात्र आजीच्या वाक्यापाशीच थांबले होते.

या जागेचा आशीर्वाद बऱ्याचदा हाताला काम देऊन आला. मनोरमाबाई, रमाबाईंची लेक, अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि इथल्या अंध मुलींच्या बोटांना अक्षरं मिळाली. पणजीला मिळाला छापखाना. ती खिळे जुळवायची. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: शिशाचा एकेक खिळा, त्यावर एक अक्षर, तेही उलटं. देवनागरीला काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून असे शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. कोणता कुठल्या खणात हे हाताला पाठ असावं लागतं. ओळ जुळवायची, उलटी वाचून तपासायची, छापून झालं की खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. दुष्काळातून उचलून आणलेली, आपलं नावही नीट सांगता न येणारी पोर बावीस-तेविसाव्या वर्षी आख्खं पान आरशातल्यासारखं उलटं वाचत होती. परिवर्तन हा शब्द प्रवचनात आला की माझ्या डोळ्यांपुढे तिची काळी झालेली बोटं येतात. मी ती पाहिलेली नाहीत, आजीनं सांगितलेली आहेत.

आणि जुळवत काय होती? रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं ज्याला दिली, ते मराठी बायबल. मराठीत बायबल तेव्हा होतंच, पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळेना. ज्यांच्या जिभेवर लहानपणापासून संस्कृत होतं त्यांनीच संस्कृत बाजूला ठेवलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मुळापासून भाषांतराला बसल्या. त्या मूळ भाषेला इतक्या चिकटून राहिल्या की वाक्यं कधी कधी मराठी कानाला अडखळतात. मला ते अडखळणं आवडतं. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. त्यानंतरही बाई मुद्रितं तपासत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं पुरी होईपर्यंत त्यांनी देवाकडे मुदत मागून घेतली होती, असं आमच्याकडे सांगतात. पूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी पणजीचं नगरच्या एका शिक्षकाशी लग्न झालं आणि माहेरची भेट म्हणून तिला त्याची एक प्रत मिळाली. माझ्या मांडीवरचं बायबल ते हे.

उपासनेनंतर आवारात फिरले. बाईंच्या कबरीपाशी बराच वेळ उभी होते. तिथे मनात आलेली एक गोष्ट लिहायलाच हवी. शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं, आणि १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. केसरीनं टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर, ज्यांनी बाईंना मनापासून साथ दिली होती, तेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या घरात हा विषय निघाला की 'त्यांचा विरोध' एवढ्यावर मिटवला जायचा. मला ते पुरेसं वाटत नाही. आपली विधवा लेक शिकायला पाठवलेल्या बापाची धास्ती खरी होती. चार वर्षांच्या माझ्या पणजीला तर कुणी विचारलंच नव्हतं, विचारण्याजोगं तिचं वयही नव्हतं. तिचा जीव वाचला, तिला अक्षर मिळालं, येशू मिळाला, आणि त्याच वाटेवर तिची भाषा आणि गाव गेलं. भाषा-गाव दुष्काळानं नेलं का मिशननं, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. मी ख्रिस्ती आहे, मला माझा विश्वास प्राणापलीकडे आहे, आणि तरीही त्या हरवलेल्या गावासाठी मी त्या कबरीपाशी रडले. दोन्ही खरं आहे.

आणि शारदा सदनची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, बाळपणीच विधवा झालेली, ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामामागे उभ्या राहिलेल्या बाया कर्वे त्या ह्याच. आजीचं रोपाचं मूळ मला इथेही दिसतं. जमिनीखालून ते कुठवर गेलं असेल कुणी सांगावं.

दुपारी एका व्हरांड्यात काही वयस्क बायका उन्हाला बसल्या होत्या. त्यांतल्या एक मावशी जन्मापासून अंध. मी कुठली, कोणाची, सगळं विचारून झालं. पणजी छापखान्यात होती म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला. "दे बघू ते शास्त्र."

कापड सोडून मी बायबल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी वास घेतला. मग एक पान उचलून त्यावरून बोटं फिरवली आणि मान हलवली. पान उलटून मागच्या बाजूनं पुन्हा फिरवली, अगदी सावकाश. खिळ्यांनी कागद किंचित दाबलेला असतो, त्याचा उठाव मागे येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या दाबातलं अजून थोडं शिल्लक होतं.

"लागतंय गं," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण लागतंय. मागून अक्षरं उलटी असतात का?"

"हो मावशी, उलटी असतात."

"मग तिला अशीच दिसत असतील. खिळ्यावर."

मला एकदम बोलता येईना. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, तिथे थबकलं, आणि पुढची ओळ शोधू लागलं. परतीची शटल चार वाजता होती. ती मी जाऊ दिली.