संमेलनातला झानुसी

दर जानेवारीत आमच्या फिल्म सोसायटीचं दोन दिवसांचं संमेलन भरायचं. शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या, खिडक्यांना काळे कागद आणि मागे टेबलावर सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर. रीळ बदलायला दिवे लागले की वाद सुरू. ते पुन्हा बंद करणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या. पोलिश सिनेमे वकिलातीमार्फत यायचे. दिग्दर्शकांत आंजेय वायदाला मान होता, पण भांडायला आम्हाला क्षिश्तॉफ झानुसीच लागायचा.

त्याचं आयुष्यच तसं. १९३९ साली वॉर्सात जन्म, महायुद्ध पेटायच्या अडीच महिने आधी. तिथेच भौतिकशास्त्र शिकला, ते सोडून क्राकूवला तत्त्वज्ञान, मग वूचची फिल्म स्कूल. ‘घरचे काय म्हणाले असतील हो?’ हे दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे आमचे एक सर तर हा अपमान स्वतःचाच समजत.

म्हणून झानुसीचा ‘इल्युमिनेशन’ (१९७३) लावला की सरांकडे बघण्यातच निम्मी मजा. नायक फिजिक्सचा विद्यार्थी. सुरुवातीलाच एक खराखुरा वृद्ध तत्त्वज्ञ पडद्यावर येऊन बोलू लागतो. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘डॉक्युमेंटरी लावली काय रे?’ पुढे नायकाची नोकरी, संसार, मठ, दवाखाना. सर मध्यंतरात चहाचा कप हातात धरून उभे, चहा गार, आणि समोरच्याला सांगताहेत की हा मुलगा नीट अभ्यासाला बसला असता तर सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता.

‘कॅमोफ्लाज’ (१९७७) मात्र जिव्हारी लागला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं उन्हाळी शिबिर, तिथली निबंधस्पर्धा, नाकासमोर चालणारा तरुण शिक्षक आणि त्याला व्यवहार शिकवणारा मुरलेला प्राध्यापक. आमच्याकडेही उत्कृष्ट परीक्षणाचं बक्षीस असायचं, आणि ते फिरून फिरून कार्यकारिणीच्याच घरात जायचं. त्या वर्षी बक्षीस समारंभ फार घाईत उरकला.

मला सगळ्यात प्रिय आठवण आहे ती किस्लोव्स्की या दुसऱ्या पोलिश दिग्दर्शकाच्या ‘कॅमेरा बफ’ची (१९७९). कारखान्यातला एक साधा नोकरदार, मुलगी होणार म्हणून आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतो आणि पार वाहवत जातो. त्यात झानुसी स्वतःच्याच भूमिकेत येतो, हौशी मंडळींशी शांतपणे बोलतो. आमच्यासारखीच माणसं समोर बसलेली! टाळ्या पडल्या. नायकाची बायको घर सोडते तेव्हा दोघी-तिघींनी आपापल्या नवऱ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते अजून आठवतं.

झानुसीच्या ‘ए इयर ऑफ द क्वाएट सन’ला १९८४ साली व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला होता, पण आमच्याकडे तो शांतपणे पाहिला गेला. वाद नाही म्हणजे बहुधा सगळ्यांना आवडला.

पुढे घराघरात डीव्हीडी आल्या, संमेलन बंद पडलं. झानुसीचं चालूच राहिलं. वॉर्साजवळच्या लास्की गावातलं घर त्यानं तरुण मंडळींसाठी खुलं ठेवलं. २०१२ साली पणजीच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला जीवनगौरव मिळाला, २०२३ साली केरळच्या महोत्सवातही. ती दुसरी बातमी मी जुन्या ग्रुपवर टाकली. सरांचं पहिलं उत्तर : ‘चौऱ्याऐंशी वर्षांचा झाला, तरी फिजिक्सचं नुकसान झालं ते झालंच.’

मग काय, रात्री बारापर्यंत मेसेज चालू.