क्रेटच्या मागोमाग: आक्रा ते ॲमस्टरडॅम

घानातल्या आक्राहून ॲमस्टरडॅमला थेट विमानाने साडेसहा-सात तास लागतात. क्रेटमध्ये, म्हणजे लाकडी पेटीत, बंद करून प्रदर्शनाला नेलेल्या कलाकृतीबरोबर मात्र स्टुडिओच्या दारापासून दालनाच्या भिंतीपर्यंत पोचायला आठवडा सहज जातो, आणि त्यातला बहुतेक वेळ ती कुठेतरी नुसती उभी असते. माझं लक्ष हवेतल्या तासांपेक्षा या मुक्कामांवर जास्त असतं, कारण बहुतेक नुकसान तिथे होतं.

पहिला मुक्काम स्टुडिओचा. इथे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे कामाच्या स्थितीची नोंद, तयार होतो. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून चारही बाजूंनी फिरवायचा आणि प्रत्येक भेग, सुरकुती, सुटलेला रंग छापील फोटोवर खूण करून नोंदवायचा. समकालीन कामात त्याहून महत्त्वाचं असतं कलाकाराला विचारणं. हा गंज मुद्दाम ठेवला आहे का? ही धूळ कामाचा भाग आहे की पुसायची? उत्तर लिहून त्याखाली सही घेतली नाही, तर पलीकडचा संवर्धक चांगल्या हेतूनेच ती धूळ पुसून टाकतो.

घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांची धातूची भव्य पटलं हे माझं आवडतं उदाहरण. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेने जोडलेली. एवढं मोठं काम घडी घालून आटोपशीर पेटीत मावतं, आणि टांगताना चुण्या कशा पाडायच्या हे ते बरंचसं मांडणाऱ्यांवर सोपवतात. अशा कामाचा आकार आधीच्या फोटोशी ताडून काहीच कळत नाही. तार कुठे तुटली, कुठला तुकडा सैल झाला, तेच नोंदवावं लागतं. युरोपातल्या दालनाला हे आधी समजावलं नाही, तर ते ‘मूळ आकार’ मागत बसतात.

पॅकिंगमध्ये सगळ्यात जास्त फसतो तो ॲक्रिलिक रंग. उन्हात तो मऊ पडतो आणि बबल रॅप थेट लागला असेल तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. म्हणून कॅनव्हास ट्रॅव्हल फ्रेममध्ये असा बसवायचा की रंगाला काहीच टेकणार नाही. फोम जितका जास्त तितकं चित्र सुरक्षित, हाही गैरसमजच. हलक्या चित्राखाली कडक फोमची अखंड पट्टी घातली तर ती दबतच नाही, धक्का सरळ चित्रात जातो. कोपऱ्यांपाशी मोजके तुकडे बरे. झाकणाला खिळे नकोत, बोल्ट हवेत. हातोड्याचा प्रत्येक ठोका आत पोचतो.

क्रेटचं कच्चं लाकूड आयएसपीएम १५ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं लागतं: गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, आणि वर शिक्का. प्लायवुडला यातून सूट आहे, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात आणि शेवटच्या दिवशी तळाला शिक्का नसलेली एखादी पट्टी ठोकतात. तेवढ्यावरून पेटी अडते. पिसं, पोवळं, हस्तिदंत, शिसवी लाकूड कामात असेल तर सायटिसचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराचे, परवाने आधीच बघायचे.

विमानतळावर मोजपट्टी हवीच. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंटिमीटर उंचीपर्यंतची पेटी जाते, खालच्या लाकडी पायांसकट. चित्र उभंच न्यायचं असतं, त्यामुळे त्याहून उंच असेल तर मालवाहू विमान शोधावं लागतं आणि खर्चाचं गणित बदलतं. पॅलेट, म्हणजे विमानात चढवायचा मालाचा पाट, बांधून होईपर्यंत मी गोदाम सोडत नाही; शेजारी ओला माल नको, पेटीवर पट्टा आवळलेला नको.

कस्टम्समध्ये यादी नडते. दोन्ही देश एटीए कार्नेट (शुल्क न भरता माल तात्पुरता नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र) मानत असतील तर तात्पुरती आयात सोपी होते, नाहीतर हमी भरावी लागते. कार्नेट फार तर वर्षभर चालतं, आणि परतीचा एक शिक्का राहिला तरी शुल्काची मागणी येते. तीन भागांच्या मांडणीशिल्पाची यादीत ‘१ नग’ अशी नोंद असली की पेटी उघडली जाणारच.

हिवाळ्यात पोचलं तर थंडी हा वेगळाच धोका. ५ अंशांच्या खाली ॲक्रिलिक ठिसूळ होतो, साध्या हादऱ्यानेही तडकतो. दालनात आल्यावर पेटी २४ तास बंदच ठेवायची. दमट किनाऱ्यावरून आलेली लाकडी चौकट गरम, कोरड्या हवेत आकसते. तो बदल जितका सावकाश, तितका बरा.

कलाकार स्वतः मांडणार असेल तर त्याचा व्हिसा क्रेटच्याही आधी. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो शेवटच्या महिन्यावर टाकणं मला अक्षम्य वाटतं. क्रेट पोचते आणि ती उघडणारा माणूस येत नाही, याइतकी वाईट मांडणी नाही.

पुढे हेच प्रदर्शन अमेरिकेत जाणार असेल तर मोटर असलेली कामं तपासा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून ५० हर्ट्झची मोटर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर एक पंचमांश जास्त वेगाने फिरते, आणि संथ फिरणारं शिल्प घाईत फिरू लागतं.

शेवटी लेबल. मूळ भाषेतलं शीर्षक आधी, भाषांतर त्याखाली. घानातल्या त्वी भाषेतला शब्द असेल तर नुसत्या ‘आफ्रिकी’वर भागवू देत नाही. मजकूर कलाकाराने वाचून होकार दिल्याशिवाय छापायला जात नाही.

निघण्यापूर्वी रिकाम्या पेट्या कुठे ठेवणार ते बघून येते. त्या बाहेरच्या शेडमध्ये ठेवल्या तर लाकूड आणि फोम ओल धरतात, आणि परतीच्या दिवशी काम त्या ओलीत बंद होतं.