मिरगाआधीचा लिलाव

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला नजर टाका. जांभ्याच्या गडग्याला टेकवलेल्या मोटरसायकली, चाकांच्या आऱ्यांतून वर आलेली घाणेरी, टप उडालेली एखादी रिक्षा, शेजारी दर्शनी भाग चेपलेली कार. बघणारा म्हणतो, विकून का टाकत नाहीत? विकत नाहीत, कारण त्यातलं बहुतेक पोलिसांचं नसतंच. काही कोर्टाचा पुरावा असतं, काही कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि उरलेलं कुणाचंच नाही हे अजून कागदावर ठरायचं असतं. ते ठरेपर्यंत कोकणात एक पावसाळा जातो, कधी चार. घाटावर तीन वर्षं उभी राहिलेली गाडी ढकलत ट्रकात चढवता येते. इथे खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, त्यामुळे तिसऱ्या वर्षी गाडी उचलायला गेलं की पत्र्याचा तळ जमिनीवरच राहतो. म्हणून इथला लिलाव दरापेक्षा कॅलेंडरवर जास्त अवलंबून असतो.

आधी दोन ढीग वेगळे समजून घ्यावेत. पहिला विभागाच्या स्वतःच्या मालाचा: जुन्या जीप, व्हॅन, वायरलेस संच, लोखंडी कपाटं, बॅटऱ्या. त्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात, बोलताना सगळे ‘कंडम’ म्हणतात. दुसरा ढीग मुद्देमालाचा आणि बेवारस वस्तूंचा. गर्दी, कटकट आणि गंज हे तिन्ही या दुसऱ्या ढिगात असतात.

त्या दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक गाडीची वाट वेगळी. गुन्ह्यात जप्त असलेल्या गाडीला गुन्हा रजिस्टर नंबर असतो आणि तिचा निर्णय कोर्ट करतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली अडवलेल्या गाडीचा मालक माहीत असतो, तो दंड भरायला येत नाही एवढाच प्रश्न. अपघातातल्या गाडीची तपासणी झाली की ती सोडता येते. मात्र तिचा तृतीय पक्ष विमा नसेल आणि मालकाने नुकसानभरपाईसाठी पुरेशी हमी दिली नसेल, तर ती सोडायची नाही. ताब्यात घेतल्यापासून ३ महिने उलटले की दंडाधिकाऱ्यांमार्फत तिचा जाहीर लिलाव आणि पैसे अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, असा नियम २०२२ पासून आहे. राहिल्या खऱ्या बेवारस: बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनाबाहेर, काजूच्या बागेत सोडून दिलेल्या. यादी करताना हे चार प्रकार चार स्वतंत्र कागदांवर घ्यावेत. पन्नास गाड्यांच्या लॉटमध्ये कोर्टातल्या खटल्याची एक मोटरसायकल घुसली तरी अख्खा लॉट अडकतो. लिलाव रद्द होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि ते आळसातूनच येतं.

मग चासी नंबर. नंबर प्लेटवर विसंबून राहू नये, चोरीच्या गाडीची प्लेट हमखास बदललेली असते. मोटरसायकलचा चासी नंबर हँडलखालच्या नळीवर उजव्या किंवा डाव्या बाजूला ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या कवचावर. जीपचा चासीच्या उजव्या पट्टीवर, बहुतेक कारचा बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर. इथे गंजाचा थर जाड असतो, पण म्हणून ग्राइंडर लावायचा नाही. अक्षरं पुसली की ती गाडी कायमची अनोळखी झाली. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवावं, सकाळी पितळी ब्रशने हलकं घासावं आणि वरून खडू फिरवावा. खाचांत खडू बसला की नंबर उठून दिसतो. तिरक्या उजेडात फोटो काढावा, समोरून फ्लॅश मारला तर काहीच वाचता येत नाही.

अलीकडच्या गाड्यांचा हा नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे गोल दिसलं की शून्य, उभी रेघ दिसली की एक. गाड्यांच्या नोंदणीच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर आलं की पुष्कळदा एवढीच चूक असते. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एम-बी-एल म्हणजे हिरो, एम-डी-२ बजाज, एम-ई-४ होंडाची दुचाकी, एम-ए-३ मारुती. टाकीवर हिरोचं नाव आणि चासी एम-डी-२ ने सुरू होत असेल, तर ती गाडी बेवारसच्या यादीतून काढून तपासाला द्यावी. नोंदणी रत्नागिरीची ०८, सिंधुदुर्गाची ०७ किंवा पेणची ०६ असेल तर मालकापर्यंत पोचणं सोपं. गोव्याची किंवा कोल्हापूरची असली की पत्रव्यवहारात महिना वाढला असं धरून चालावं.

मालक सापडला की त्याला, विमा कंपनीला आणि कर्जाचा बोजा असेल तर त्या फायनान्स कंपनीलाही नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस जाते. तिसरी नोटीस हमखास विसरली जाते, आणि लिलावाच्या आदल्या दिवशी फायनान्सवाल्याचा वकील दारात उभा राहतो. न बजावता परत आलेलं पाकीट फोडायचं नाही. पोस्टाच्या शेऱ्यासकट ते फायलीला लावायचं, कारण मालक सापडत नाही याचा तोच पुरावा.

त्यानंतर जाहीरनामा. दावेदाराला पुढे येण्यासाठी ६ महिने द्यावे लागतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ५०३ आणि ५०४ मध्ये आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्येही बेवारस मालासाठी वेगळी कलमं आहेत. आता हिशोब करा. जाहीरनामा ऑक्टोबरअखेर निघाला तर मुदत एप्रिलअखेर संपते, मे महिन्यात आदेश आणि लिलाव, आणि ७-८ जूनला मिरग निघायच्या आत माल उचलला जातो. तोच जाहीरनामा फेब्रुवारीत काढला तर मुदत ऑगस्टमध्ये संपते. भर पावसात कुर्ल्याचा किंवा कोल्हापूरचा भंगारवाला चिखलात ट्रक घालायला तयार नसतो, आला तर दर पाडून मागतो. म्हणजे प्रत्यक्षात लिलाव दिवाळीनंतर, आणि गाड्यांनी आणखी एक पावसाळा खाल्ला. दसरा-दिवाळीच्या बंदोबस्तात मुद्देमाल कारकुनाला दोन दिवस मोकळे देणं ठाणे अंमलदाराला परवडत नाही, हे खरं. पण वर्षातले तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

मूल्यांकन मोटार वाहन निरीक्षक करतात. ते सहा महिने संपायची वाट न बघता फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्यावं. हातची किंमत, म्हणजे ज्याच्या खाली बोली घ्यायची नाही तो आकडा, मॉडेल आणि साल बघून लावली की लिलाव फसतो, बोलीच लागत नाही. किनाऱ्यावर वजनाचा हिशोब खरा. शंभर सीसीची मोटरसायकल नवी असताना ११० किलोच्या आसपास भरते. टायर, सीट, प्लास्टिक, बॅटरी, तेल वजा केलं की हातात ऐंशीएक किलो धातू येतो, आणि त्यात भाव असतो तो इंजिनच्या अॅल्युमिनियमला. लोखंडाची पापुद्री झाली तरी अॅल्युमिनियम बऱ्यापैकी टिकतं. म्हणून इंजिन जागेवर आहे की नाही हे प्रत्येक गाडीपुढे लिहावं. बॅटरी आणि कार्ब्युरेटर आवारातून पाय फुटून जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. जप्तीच्या पंचनाम्यात त्यांची नोंद असेल आणि लिलावाच्या दिवशी ते नसतील, तर उत्तर कारकुनालाच द्यावं लागतं. ताब्यात घेतानाच चारी बाजूंचे फोटो काढणं हा त्यावर एकमेव उपाय.

लिलाव ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ या अटीवर होतो. अनामत भरायची, माल आधी बघून घ्यायचा, बोली हातच्या किमतीच्या वर न्यायची, उरलेली रक्कम मुदतीत भरायची. पैसे सरकारी ‘ग्रास’ प्रणालीतून चलनाने कोषागारात जातात, ठाण्यात रोख ठेवत नाहीत. शासनाकडून जुनी वाहनं किंवा भंगार घेणारा व्यापारी जीएसटी नोंदणीकृत असेल तर कर त्यानेच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. बोली लावताना तो धरला नाही की नंतर रडारड होते आणि अनामत जप्त होते. पाच-सहा भंगारवाले चहाच्या टपरीवर आधीच ठरवून येतात, हेही चालतं. बोली हातच्या किमतीच्या जेमतेम वर थांबली तर अधिकाऱ्याला लिलाव नामंजूर करता येतो, आणि करावा. लॉट लहान ठेवले, दहा-पंधरा गाड्यांचे, तर गावातला गॅरेजवालाही हात वर करतो आणि साखळी तुटते.

स्वस्तात बुलेट मिळेल म्हणून येणाऱ्यांसाठी: जाहिरातीत ‘भंगार म्हणून’ हे शब्द असतील तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही. नोंदणी रद्द होते, चासी नंबरचा तुकडा गॅस कटरने कापून जमा करावा लागतो, आणि अनेक ठिकाणी बोलीलाच भंगार परवाना लागतो. ‘वापरण्यायोग्य’ असा वेगळा लॉट असेल तरच नाव लावण्याचा प्रश्न येतो. त्यासाठी लिलावाचा आदेश, चलन आणि ताबापावती या तिन्हींच्या मूळ प्रती हातात असल्याशिवाय आरटीओच्या खिडकीशी जाऊ नये.

विभागाच्या स्वतःच्या गाड्यांचं आता सोपं झालं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनाची नोंदणी वाढवून मिळत नाही. कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहनं, उदाहरणार्थ चिलखती गाड्या, तेवढी यातून सुटली. बाकीची नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे जातात, बहुधा एमएसटीसी या केंद्र सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून. देण्याआधी दिवे, भोंगा, वायरलेसची एरियल आणि ‘पोलीस’ हे रंगवलेलं किंवा चिकटवलेलं नाव काढायचं. स्टिकर ओढून काढला की खालचा नवा रंग अक्षरांच्या आकारात चमकत राहतो, त्यामुळे वरून पॉलिश पेपर मारावाच लागतो. वायरलेस संच आणि संगणक ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाल्याकडेच द्यायचे, टेबल-खुर्च्यांच्या लॉटमध्ये नाही. शस्त्रं लिलावात येत नाहीत. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यासुद्धा मोजून परत कराव्या लागतात.

सागरी पोलिसांच्या बोटी मात्र डोकेदुखी. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्याच्या आगेमागे किनाऱ्याला ५ टनी आणि १२ टनी वेगवान बोटी आल्या. फायबरच्या सांगाड्याला भंगारात किंमत नाही, वितळवता येत नाही, जाळला तर विषारी धूर. किंमत इंजिनांना आणि प्रोपेलरच्या पितळेला. ते काढून घेऊन सांगाडा खाडीतच सोडून जाणारे खरेदीदार असतात, म्हणून ‘सांगाड्यासह उचल’ ही अट आणि त्यासाठी वेगळी अनामत लिहून घ्यावी. दुसरी गोम भरतीची. गाळात बसलेली बोट फक्त उधाणाच्या भरतीला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हलते. निविदेत उचलीची मुदत ७ दिवस लिहिली आणि आदेश अष्टमीला निघाला, तर हातात येणारं उधाण मुदतीच्या टोकाला किंवा मुदतीबाहेर पडतं. मुदत किमान २० दिवस ठेवावी, म्हणजे एक उधाण नक्की आत येतं.

जे विकायचंच नाही त्याची वाट निराळी. बांदा-इन्सुलीकडे पकडलेली गोवा बनावटीची दारू, मग ती उत्पादन शुल्कने पकडलेली असो की पोलिसांनी, परवानगी घेऊन रोलरखाली फोडतात. त्यातल्या गाड्या दारूबंदी कायद्याखाली जप्तीयोग्य असल्याने लवकर सुटत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर वाहून आली तशी चरसाची पाकिटं असतील, तर दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढून, प्रमाणित करून, समितीच्या निर्णयाने भट्टीत नष्ट करतात. खैराचं लाकूड वन विभागाकडे सोपवायचं, ठाण्यात उतरवूनच घेऊ नये.

आणि शेवटी एक कलम, जे अजून पुरेसं वापरलं जात नाही. जप्त केलेली मासळी किंवा आंब्याच्या पेट्या सहा महिने ठेवता येत नाहीत, म्हणून मालक अज्ञात किंवा गैरहजर असेल तर नाशवंत माल लगेच विकून पैसे ठेवायची सोय कायद्यात पूर्वीपासून आहे. त्याच कलमात कमी किमतीच्या मालाचीही तरतूद आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५९ मध्ये ती मर्यादा ५०० रुपये होती, त्यात मोटरसायकल कुठून बसणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ५०५ मध्ये ती १०,००० रुपये आहे, आणि दोन पावसाळे खाल्लेली बहुतेक मोटरसायकल याच्या आत येते. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना प्रत्येक गाडीमागे चार कागद लागतात: चासी नंबरचा फोटो, ‘वाहन’मधला उतारा किंवा नोंद नसल्याचा दाखला, परत आलेलं पाकीट, आणि निरीक्षकांचं मूल्यांकन. चाळीस गाड्यांचे मिळून एकशे साठ कागद होतात. ते मार्चमध्ये लावले तर ऑगस्टपर्यंत थांबावं लागत नाही.