किंग्ज हीथचा पब आणि कॅम्पबेल भावांची वाटणी

बर्मिंगहॅमला भाचीकडे आठ दिवस होतो. तिसऱ्या दिवशी मी ५० नंबरच्या बसने किंग्ज हीथला निघालो, तर ती म्हणाली, "मामा, तिथे बघायला काय आहे?"

तिथे ‘हेअर अँड हाउंड्स’ नावाचा पब आहे. ‘यूबी फोर्टी’ हा रेगे बँड तिथे पहिल्यांदा वाजला, ९ फेब्रुवारी १९७९ ला, एका मित्राच्या वाढदिवसाला. कॉलेजात मी त्यांच्या ‘रेड रेड वाइन’ची कॅसेट टेप घासेपर्यंत ऐकली होती, त्यामुळे मला जायचंच होतं.

पब कोपऱ्यावर आहे, लाल विटांचा. दुपारची वेळ, आत गर्दी नव्हती. मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आठ पोरं, बहुतेक बेकार. बेकारी भत्त्याच्या फॉर्मचं नाव त्यांनी बँडला दिलं आणि १९८० च्या पहिल्या अल्बमच्या वेष्टणावर तो फॉर्मच छापला. सुरुवातीच्या वाद्यांना पैसे आले ते गायक अली कॅम्पबेलच्या नुकसानभरपाईतून. सतराव्या वाढदिवशी पबात त्याच्यावर हल्ला झाला होता. पुढे गाण्यांचं श्रेय आणि मिळकत सगळ्यांत सारखी, असा नियम त्यांनी केला. सात कोटींच्या वर रेकॉर्ड खपल्या. मला या माणसांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्या सारख्या वाटणीसाठी.

आणि तरीही भाऊबंदकी चुकली नाही. २००८ मध्ये अली बाहेर पडला. व्यवस्थापक हिशेब नीट दाखवत नाहीत, ही त्याची तक्रार. त्याला स्वतःची गाणी करायचीत, असं बाकीच्यांचं म्हणणं. त्याच्या जागी गायला उभा राहिला सख्खा भाऊ डंकन. थोरला रॉबिन मूळ बँडमध्येच राहिला. २०११ मध्ये काही जणांचं दिवाळं निघालं. २०१३ मध्ये बँडमधला गायक अ‍ॅस्ट्रोही अलीच्या बाजूला गेला. मग एकाच नावाचे दोन बँड आणि नावासाठी कोर्ट. बांधावरून भांडणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला हे काही परकं वाटत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सॅक्सोफोनवाला ब्रायन ट्रॅव्हर्स गेला, नोव्हेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रो. एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. अडीच महिन्यांत दोघेही. ते आठवून मला पबात बसवेना.

परतीच्या बसमध्ये तो पहिला अल्बम लावला. शेजारच्या मोझली भागात एका घरात केलेलं रेकॉर्डिंग. काही वाद्यं मागच्या बागेत वाजवलेली. डोळे मिटून ऐकलं. अलीचा आवाज, खाली रॉबिनचा, आणि मधूनच बागेतली पाखरं.