"उजेडात बघू द्या"

आई मॅचिंग सेंटरमध्ये शिरली की दुकानदाराचा कस लागतो. पिशवीतून साडीचं टोक काढायचं, टू बाय टू रुबियाच्या गठ्ठ्यावर धरायचं, "हा नको, त्याच्या खालचा" असं करत आठ-दहा पीस उलगडायला लावायचे आणि त्यातले दोन घेऊन सरळ दुकानाच्या पायरीवर जायचं. दुकानदार म्हणतो, "वहिनी, आतपण तोच रंग दिसतोय की." आई म्हणते, "तुमच्या ट्यूबखाली सगळंच जुळतंय. उजेडात बघू द्या."

मी इचलकरंजीत एका प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये शेड मॅचिंग करते, चौदा वर्षं झाली. आई जे पायरीवर करते तेच मी दिवसभर एका राखाडी पेटीत मान घालून करते. पेटीला बटणं आहेत. डी६५ दाबलं की दिवसाचा उजेड, टीएल८४ दाबलं की युरोपातल्या दुकानांची ट्यूब, ए दाबलं की जुना पिवळा बल्ब. आईची चूक एवढीच, की ती ब्लाऊजपीस उन्हात बघते आणि ब्लाऊज घालते रात्रीच्या रिसेप्शनला. मग परत आल्यावर, "हॉलमध्ये किरमिजी दिसत होतं गं ते."

दिसणारच. साडी पॉलिएस्टरची, रुबिया सुताचा. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतात, १३० अंशांना, बंद मशीनमध्ये दाबाखाली. सुताला रिॲक्टिव्ह, साधारण ६० अंशांना, मीठ आणि सोडा ॲश घालून. (हे रिॲक्टिव्ह रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली प्रोसिऑन नावाने बाजारात आणले. त्याआधी सुतावर इतके भडक आणि तरी धुण्याला टिकणारे रंग मिळणं सोपं नव्हतं.) दोन कापडांवरचे रंगाचे रेणूच वेगळे, तरी डोळ्याला शेड एकच दिसते. सात अधिक तीन दहा आणि सहा अधिक चार पण दहाच, तसं. उजेड बदलला की बेरजेतले आकडे बदलतात आणि उत्तरं फाटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. आमचे डाईंग मास्तर म्हणतात, "कापड पलटी मारतंय."

आता माझी गोष्ट. मेंदी रंग. बायर त्याला ऑलिव्ह म्हणतो. पँटच्या सुती ट्विलचं काम होतं. पहिली ऑर्डर नीट गेली. पिवळा, लाल आणि एक निळा अशी तीन रंगांची रेसिपी होती. दोन महिन्यांनी ४,२०० मीटरची रिपीट आली, तेव्हा तो निळा स्टोअरमध्ये नव्हता. स्टोअरवाल्याने दुसऱ्या कंपनीचा नेव्ही पुढे केला, "मॅडम, हा पण चालतो सगळीकडे."

मी लॅब डिप, म्हणजे रंगाचे छोटे नमुने, काढले. पाच ग्रॅमचा तुकडा, एक टक्क्याचं द्रावण, पिपेटने पाच मिली म्हणजे एक टक्का शेड, कापडाच्या वजनाच्या एक टक्का रंग. चौथ्या डिपला रंग बसला. मेंदी रंगाची खोड अशी, की इस्त्रीवरून उचललेला तुकडा लाल दिसतो. घाईत त्यालाच मॅच केलंत तर फसलात. पाच-दहा मिनिटं टेबलावर पडू द्यायचा. हवेतला ओलावा पिऊन तो हळूहळू परत हिरव्यावर येतो. चौदा वर्षांनीही मला ते बघत बसायला आवडतं.

तर तुकडा निवला, रंग मोजायच्या मशीनवर लावला. डी६५ मध्ये मूळ शेडपासून फरक ०.६. आमच्याकडे एकच्या आत असलं की पास. त्याखाली टीएल८४ ची ओळ होती, १.९. ती मला दिसली नाही असं नाही. मास्तरांनी पण पेटीत बघून सांगितलं होतं, "ताई, ट्यूबखाली लाल मारतंय." मी म्हटलं, ट्यूबखाली सगळेच ऑलिव्ह थोडे लाल मारतात. ते खरं होतं, म्हणून तर घात झाला. शनिवार होता, जिगर (कापड रंगवायची मशीनं) रिकामे होते, गाडी सोमवारी निघायची होती.

माल रंगला, कापड ताणून सुकवणाऱ्या स्टेंटरवरून उतरला, झिरो-झिरो (कापड पुढे आटू नये म्हणून करतात ते) झाला आणि गेला. मीच दोन्ही लॉटवर एक शेड नंबर टाकला. गारमेंटवाल्याने त्यावर विश्वास ठेवला आणि पँटचे पाय नव्या ताक्यातून, तर कमरेचे पट्टे मागच्या ऑर्डरच्या उरलेल्या कापडातून काढले. त्याचं काय चुकलं? उरलेलं कापड असंच संपवतात. कारखान्याच्या खिडकीशी बसून शिवणाऱ्या बायकांनाही काही दिसलं नाही. शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टरने टीएल८४ लावली तेव्हा पाय तपकिरी आणि पट्टा हिरवा. १,१०० पँट शिवून झाल्या होत्या.

नुकसानभरपाईची डेबिट नोट आली. शेठनी ती लॅमिनेट करून लॅबच्या दारावर लावली. अजून आहे.

त्या निळ्या रंगांचं असं असतं, की काही रेणू वर्णपटाच्या लाल टोकाला जरा जास्त उजेड परत फेकतात. दिवसा ते खपून जातं. दिव्याचा उजेड बदलला की रेसिपीतल्या लाल-पिवळ्याशी त्याचं गणित बिघडतं. आता आमच्याकडे लॅबच्या सहीशिवाय स्टोअर डब्याचं झाकणसुद्धा बदलत नाही, आणि तिन्ही दिव्यांखाली पास नसलेली रेसिपी मी खाली पाठवत नाही, मग जिगर किती का रिकामे राहीनात.

गंमत म्हणजे २०२३ पासून युरोपात टीएल८४ सारख्या जुन्या ट्यूब नव्याने बाजारात आणायलाच बंदी आहे. दुकानांत एलईडी आले. तरी कित्येक बायरच्या कागदावर पहिला उजेड टीएल८४ च छापलेला असतो. आम्ही नसलेल्या दुकानासाठी रंग जुळवतो आणि बायरने मागितला तर एलईडीत पुन्हा जुळवतो.

त्या पँटची लेबलं कापली आणि माल लोकल बाजारात गेला. पुढच्या मे महिन्यात एसटी स्टँडवर एक माणूस दिसला, अंगात आमचीच मेंदी पँट. टळटळीत ऊन होतं. मी निलाजरेपणाने त्याच्या कमरेकडे बघत राहिले. पट्टा आणि पाय अगदी एकजीव, सुताएवढा फरक नाही. तो चहाच्या हॉटेलात शिरला, मीही मागोमाग शिरले. ट्यूबखाली बसला, पाय पसरले, आणि पट्टा हिरवा झाला.