चाळीस पॅकनंतर: काय तुटलं, काय मिळालं

काल माझ्या रिमोट कंट्रोलच्या ट्रकचा चाळिसावा पॅक (एक पॅक म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केलेली बॅटरी) संपला. चाळीस होईपर्यंत या ट्रकला नावं ठेवायची नाहीत आणि डोक्यावरही घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. आता बोलायला हरकत नाही.

ट्रक १/८ मापाचा, ब्रशलेस मोटरचा, चार सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणारा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे ते थोडं तिचं आणि थोडं माझं. पळवतो मातीवर आणि खडीवर. उड्या अर्थातच.

पहिले दहा पॅक काहीच झालं नाही. अकराव्याला मागून कटकट आवाज यायला लागला. मागचा डिफ (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) उघडला तर रिंग गिअरचे (आतल्या मोठ्या गिअरचे) तीन दात गायब, पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात झिजून गोल, आणि ग्रीसमध्ये धातूचा चुरा. कारण शोधताना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे कारखान्यातून येतानाच रिंग आणि पिनियनमध्ये नको तेवढी ढील होती, शिम (फट भरणारी पातळ चकती) नव्हतीच. दाब आला की प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स किंचित फाकतो, दात एकमेकांत जेमतेम टोकाला लागतात आणि मग एकेक गळतो. दुसरी गोष्ट माझी: ट्रक हवेत असताना थ्रॉटल दाबून ठेवायची खोड. चाकं गरागरा फिरत जमिनीला टेकली की तो सगळा झटका थेट डिफमध्ये जातो. आता उतरण्याआधी बोट सोडतो, निदान आठवेल तेव्हा.

नवी जोडी बसवताना रिंग गिअरच्या मागे ०.२ मिमीची एक शिम घातली. हाताने फिरवून बघायचं: कुठेही अडकता कामा नये, पण किंचित खेळ बोटाला जाणवला पाहिजे. एका शिमने जमलं, दोन घातल्या तर जड फिरायला लागलं. डिफमधलं तेल मागे १० हजार, मधल्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या) डिफमध्ये ३० हजार; आकडा मोठा तितकं तेल घट्ट. मधलं तेल पातळ असलं की थ्रॉटल देताच सगळी ताकद पुढच्या हलक्या झालेल्या चाकांकडे पळते आणि टायर फुगून उभे राहतात. दिसतं भारी, पण वेग मिळत नाही. त्यानंतरच्या एकोणतीस पॅकमध्ये मागचा डिफ गप्प आहे.

रिंग-पिनियनची जोडी सुटी मिळाली, लगेच मिळाली. पण पुढच्या डिफचा आउटड्राइव्ह कप (ज्यात डॉगबोनचं, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक बसतं) झिजला, तेव्हा कळलं की तो सुटा विकतच नाहीत. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यासाठी अख्खा डिफ घ्या म्हणे! तुटण्याचा मला राग नाही, हा छंदच तोडण्याचा आहे. राग याचा येतो.

म्हणून आता ट्रक घेण्याआधी मी वेग बघत नाही. त्याचा सुट्या भागांचा नकाशा उघडतो आणि दहा भागांचे नंबर लिहून काढतो: खालचे आर्म (चाकं धरणारे हात), हिंज पिन (आर्म ज्यावर हलतो ती सळई), हब कॅरियर (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग), बल्कहेड (आर्म जिथे जोडतात तो सांगाडा), स्पर (मोटरच्या पिनियनने फिरणारा मोठा गिअर), रिंग-पिनियन, आउटड्राइव्ह, डॉगबोन, शॉकची टोकं, सर्व्हो सेव्हर (स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरला झटक्यापासून वाचवणारा भाग). मग बघतो की यातले किती सुटे मिळतात आणि किती आत्ता साठ्यात आहेत. सात-आठच्या खाली आकडा गेला की ट्रक कितीही देखणा असो, राम राम.

बाकीच्या गोष्टींची एवढी चिंता नसते. बेअरिंगवर मिमीतलं माप असतं, ८×१६×५ म्हटलं की कुठलंही चालतं. १७ मिमीचा हेक्स (चाक बसवायचा षटकोनी तुकडा), एम३-एम४ स्क्रू, २५ दातांचा सर्व्हो, मॉड १ (दातांचं माप) पिनियन, हे कंपनी बुडाली तरी मिळत राहील. स्वस्त ट्रकांत इएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) एकाच डबीत असतात, ते मात्र टाळा. एक गेलं की दुसरंही गेलं.

जुन्या ट्रकांकडे बघा. तामिया कंपनीचा क्लॉड बस्टर १९८७ चा. पुढे-मागे सारखाच गिअरबॉक्स, प्रत्येकाला स्वतःची मोटर. पुढे तो पुन्हा बाजारात आणल्यामुळे त्याचे भाग आजही सापडतात. ट्रॅक्सस कंपनीचं दुसरं गणित: टू-व्हील ड्राइव्ह स्टॅम्पीडचे बरेच भाग रस्टलर, बँडिट आणि स्लॅशमध्येही बसतात. एक भाग चार गाड्यांना लागत असेल तर तो बंद होण्याची भीती कमी.

एक चूक सांगून टाकतो. सव्विसाव्या पॅकला पुढचे आर्म ॲल्युमिनियमचे केले. चमकत होते. तीन पॅकनंतर दगडावर आपटला. आर्म शाबूत, पण हिंज पिन वाकली आणि बल्कहेडला तडा. आर्म बदलायला दहा मिनिटं लागतात, बल्कहेडला अख्खी संध्याकाळ गेली. परत नायलॉनवर आलो. नवे आर्म बसवण्याआधी पाण्यात उकळून घेतले. नायलॉन पाणी शोषून जरा लवचीक होतं, थंडीत कडकन मोडत नाही.

सर्व्होचे गिअर एकोणिसाव्या पॅकला गेले, धातूच्या गिअरचा बसवला. मोटर ८५ अंशांपर्यंत तापत होती, मोटरवरचा पिनियन १५ वरून १३ दातांचा केला, आता सत्तरच्या आत.

पुढचा डिफ शेवटी अख्खाच मागवलाय. जुन्याचे आतले गिअर चांगले आहेत, ते डबीत जपून ठेवतो. तोवर ट्रक स्टँडवर. पुढचं डावं चाक हाताने फिरवलं की बेअरिंग कुरकुरतंय, ते आज रात्री बदलून टाकतो.